तळपायांची आग: ‘उष्णता’ म्हणून सोडून देण्यापूर्वी

रात्री दोन-अडीचच्या सुमारास आई उठून मोरीत जायची, पायांवर दोन तांबे पाणी ओतून घ्यायची आणि ओले तळपाय स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर टेकवून भिंतीशी बसून राहायची. सकाळी विचारले की उत्तर ठरलेले असे : “उष्णता झालीय रे, दुसरं काही नाही.” गुलकंद झाला, सब्जा झाला, रात्रभर भिजवलेल्या धण्याचे पाणी झाले, काशाच्या वाटीने तूप चोळून झाले. प्रत्येक उपायाने चार दिवस बरे वाटे आणि पाचव्या रात्री मोरीतल्या पाण्याचा आवाज पुन्हा ऐकू येई. मधुमेहाची गोळी आठ वर्षे चालू होती आणि साखर ताब्यात होती, त्यामुळे पायांचा संबंध कोणी साखरेशी जोडला नाही. गोळीशी जोडण्याचा तर विचारही कोणाच्या मनात आला नाही. दीड वर्षाने एका साध्या रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व जेमतेम ११० निघाले. तोपर्यंत आगीच्या जागी काही ठिकाणी बधिरपणा आला होता.

मी डॉक्टर नाही. परंतु त्यानंतर आईबरोबर फिजिशियन, मज्जातंतुतज्ज्ञ आणि मधुमेही पावलांची निगा राखणारे तज्ज्ञ यांच्याकडे फेऱ्या मारताना जे कळले आणि पुढे वाचून पडताळून घेतले, ते येथे क्रमाने मांडत आहे. क्रमावर माझा भर आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तो उलटा असतो : आधी एक उपाय सुरू होतो, तो थकला की दुसरा, आणि कारण शोधण्याची पाळी सर्वांत शेवटी येते.

आधी पायाला हात लावून पाहावा

आग होत असेल नेमक्या त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हाताच्या मागच्या बाजूने तळपायाला स्पर्श करायला सांगावे. पाय हाताला गार किंवा नेहमीसारखा लागला, कातडीचा रंग बदललेला नसला आणि तरीही निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखे वाटत असले, तर दोष बहुधा संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंमध्ये आहे. पाय खरोखरच गरम, लाल किंवा सुजलेला असेल, तर मार्ग वेगळा होतो : तेथे जंतुसंसर्ग, युरिक ॲसिडमुळे होणारा गाउट, कातडीची ॲलर्जी किंवा क्वचित रक्तवाहिन्यांचा विकार यांचा विचार डॉक्टर करतात. आईचे पाय त्या फरशीवरून उचलताना बर्फासारखे गार लागत, आणि तरी तिची तक्रार आगीचीच असे. ही विसंगती आम्हाला दीड वर्ष दिसत होती. तिचा अर्थ मात्र कळला नव्हता.

पाय गार असताना आग कशी होते, हे मिरचीवरून समजते. ठेचा खाल्ल्यावर जीभ भाजलेली नसते, तिचे तापमानही वाढलेले नसते. परंतु मिरचीतले कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवते आणि मेंदूला ‘भाजले’ असा निरोप जातो. पावलांतले बारीक मज्जातंतू साखरेने, जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा एखाद्या औषधाने दुखावले, की ते काही कारण नसताना असाच निरोप पाठवू लागतात. आगीची सुरुवात पावलांतच का होते, याचे कारण लांबीत आहे. कमरेच्या मणक्यांजवळून निघून पायाच्या बोटांच्या टोकापर्यंत जाणारे तंतू शरीरातले सर्वांत लांब, सुमारे एक मीटरचे असतात. त्यांचे पोषण करणारी पेशी मणक्याशी बसलेली असते, त्यामुळे तुटवडा पडला की झळ सर्वप्रथम टोकाला लागते. म्हणून आग दोन्ही पायांच्या बोटांतून सुरू होऊन मोजा चढवावा तशी वर सरकते, आणि ती गुडघ्याच्या जवळपास पोहोचली की हातांच्या बोटांतही मुंग्या येऊ लागतात. हा मोजासारखा नकाशा दिसला, तर कारण बहुधा सर्व शरीराचे असते. आग एकाच पायाला होत असेल, तर मात्र कारण बहुधा त्या पायात किंवा कमरेत शोधावे लागते.

सात दिवसांची वही

दवाखान्यात गेल्यावर “पायांची आग होते” एवढे एकच वाक्य सांगितले, तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही. त्याऐवजी आठवडाभर एका वहीत नोंद ठेवावी. आग कोणत्या वेळी सुरू होते, दोन्ही पायांना की एकाला, फक्त बोटांना, तळव्याला की टाचेला, चालल्याने वाढते की कमी होते, पांघरुणाचा स्पर्श सहन होतो का, सोबत मुंग्या, सुया टोचल्यासारखे, करंट लागल्यासारखे किंवा गादीवरून चालल्यासारखे वाटते का, हे सारे जसे जाणवेल तशा शब्दांत लिहावे. चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव त्याच वहीत असावे, आणि त्यात ‘ताकदीच्या’ गोळ्या, ॲसिडिटीच्या गोळ्या व काढेही धरावेत.

या नोंदींतून बरेच काही वेगळे काढता येते. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाचेत कळ येत असेल आणि नंतर ती ओसरत असेल, तर तो टाचेखालच्या पट्ट्याचा त्रास असतो. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो आणि पाय गार पडतात, अशी तक्रार असेल, तर रक्तपुरवठा तपासावा लागतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ती तपासणी मुळीच टाळू नये. पाय सारखे हलवावेसे वाटतात आणि उठून फेऱ्या मारल्या की बरे वाटते, असे असेल, तर तो अस्वस्थ पायांचा विकार असू शकतो. त्यात शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, पाहतात. एकाच पायाची आग कंबर वाकवल्यावर किंवा खोकल्यावर वाढत असेल, तर मणक्यातून निघणारी नस दबलेली असण्याची शक्यता असते. घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण्या येत असतील, तर ती घोट्याशी दबलेली असू शकते. आणि बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, ओली, फाटलेली दिसत असेल, खाजेबरोबर आग होत असेल, तर त्या चिखल्या आहेत. भातलावणीच्या दिवसांत, किंवा दिवसभर बूट-मोजे घालणाऱ्यांना बाराही महिने, त्या होतात. त्यांना बुरशीवरचे मलम आणि बेचक्या कोरड्या ठेवणे पुरते, मात्र मलम दिसणारी जखम भरल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण लावावे.

बोटाने करायची चाचणी

घरच्या घरी करता येणारी एक तपासणी मला फार उपयोगाची वाटते. तिला इंग्लंडमधल्या इप्सविच या गावावरून नाव मिळाले आहे. ज्याची तपासणी करायची त्याने उताणे झोपून डोळे मिटावेत. दुसऱ्याने आपल्या तर्जनीच्या टोकाने पायाच्या बोटाच्या अगदी शेंड्याला हलकेच, एक-दोन सेकंद, स्पर्श करावा : उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवे मधले बोट आणि शेवटी डावे मधले बोट. दाबायचे नाही, घासायचे नाही, टोचायचे नाही आणि एकदा चुकलेला स्पर्श पुन्हा करायचा नाही. स्पर्श जाणवताच ‘उजवा’ किंवा ‘डावा’ एवढेच सांगायचे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पायांची संवेदना कमी झाली आहे असे समजून दवाखाना गाठावा.

आई त्या दिवशी पलंगावर डोळे मिटून पडली होती आणि मी डाव्या करंगळीला बोट लावून थांबलो होतो. ती म्हणाली, “लाव की आता.” मी बोट केव्हाच लावले होते.

आग होणे आणि संवेदना जाणे या दोन्ही गोष्टी एकाच पायात एकाच वेळी असू शकतात, हे त्या क्षणी समजले. जो पाय रात्रभर जळतो, त्याच पायात दिवसा खडा रुतला तरी कळत नाही. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावले पुढे गेल्यावर ध्यानात येते. आग शमली म्हणून लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण कधी कधी ती शमलेली नसते, तर तो निरोप वाहणारा तंतूच निकामी झालेला असतो.

कोणत्या तपासण्या आणि का

सर्वांत मोठे कारण मधुमेह. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असेल, तर मधुमेह मानतात. तक्रार नसेल तर तपासणी दुसऱ्यांदा करून खात्री करतात. मात्र उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व टप्प्यातही काहींच्या पायांची आग सुरू झालेली असते, आणि कित्येकांना आपल्याला साखर आहे हे पायांमुळेच पहिल्यांदा कळते. म्हणून “मला काही मधुमेह नाही” हे वाक्य गेल्या सहा महिन्यांतला रिपोर्ट हातात असल्याशिवाय खरे धरू नये.

दुसरे कारण बी-१२ चा अभाव. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी मी ते मधुमेहाच्या शेजारीच बसवेन. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी या विषयावर अनेक वर्षे काम करीत आले आहेत. पुणे शहर आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या त्यांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांत हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. कारण सरळ आहे. बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसतेच. ते दूध, दही, पनीर, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. मोठ्या माणसाची गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढीच असते आणि पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. पण ज्या घरात दूध फक्त चहापुरते येते, तेथे तेवढेही पोटात जात नाही. त्यात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, किंवा पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारखी ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी सवयीने घेतली जात असेल, तर आहारातले बी-१२ आतड्यातून नीट शोषले जात नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी म्हणून ठरावीक काळाने बी-१२ तपासून घ्यावे. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. ती चांगली गोळी आहे, आणि तिच्यामुळे होणारी तूट भरून काढता येते.

बी-१२ ची पातळी मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमी धरतात, २०० ते ३०० हा काठावरचा भाग, आणि लक्षणे असतील तर काठावरच्यांनाही उपचार देतात. येथे एक चूक हमखास होते. औषधाच्या दुकानातून ‘नसांची गोळी’ आणून महिनाभर घेतली जाते आणि मग तपासणी होते. तेव्हा रक्तातला आकडा भरपूर दिसतो आणि खरे कारण झाकले जाते. आधी रक्त द्यावे, मग गोळी घ्यावी. त्याच गोळ्यांबद्दल आणखी एक सावधगिरी : त्यांपैकी अनेकांत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, असते, आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेले बी-६ स्वतःच मज्जातंतूंना इजा करून पायांची आग निर्माण करते. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या आणि वर शेजाऱ्यांनी सुचवलेले एक टॉनिक अशी तिहेरी भर पडत असेल, तर तिन्हींच्या वेष्टनावरचे बी-६ चे आकडे वाचून त्यांची बेरीज डॉक्टरांना दाखवावी.

साखर आणि बी-१२ यांच्या जोडीला हिमोग्राम, क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच आणि यकृताची तपासणी पहिल्या फेरीत करतात, कारण मूत्रपिंडाचा जुना आजार, मंदावलेले थायरॉइड आणि रोजची दारू ही पुढची कारणे आहेत. क्षयरोगाच्या औषधांतल्या आयसोनियाझिडने पायांची आग होऊ शकते. तेथे मात्र बी-६ हाच उतारा असतो आणि तो डॉक्टर ठरवलेल्या लहान मात्रेत देतात, त्यामुळे क्षयाचा कोर्स अर्धवट सोडण्याचे कारण नाही. कर्करोगावरच्या पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन यांसारख्या औषधांनीही असे होते. ते केमोथेरपी देणाऱ्या डॉक्टरांना पुढच्या डोसच्या आधीच सांगावे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते आणि वेळेत घेतले तर व्यंग टळते. लाजेपायी घालवलेले महिने भरून निघत नाहीत.

मज्जातंतूंच्या वहनाची एनसीव्ही ही तपासणी काही जणांना सांगतात. तिच्याविषयी एक गोष्ट ठाऊक असावी. ही तपासणी जाड तंतूंची असते, आणि आग वाहून नेणारे तंतू असतात बारीक. त्यामुळे रिपोर्ट पूर्ण नॉर्मल येऊनही आग खरी असू शकते. “रिपोर्ट चांगला आहे, मनाचे खेळ आहेत” असे आईला एका ठिकाणी ऐकवले गेले. ती त्यानंतर दोन महिने कोणापुढे पायांचे नावच काढेना.

येथे थोडा इतिहास सांगितल्यावाचून राहवत नाही. पायांच्या या आगीचे वर्णन ग्रिअर्सन नावाच्या डॉक्टरने १८२६ मध्येच ब्रह्मदेशातल्या मोहिमेच्या संदर्भात केले होते. पुढे १९४६ मध्ये कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डॉ. सी. गोपालन यांनी अपुऱ्या आहारावर जगणाऱ्या रुग्णांचा अभ्यास करून तिचा संबंध ब गटातल्या जीवनसत्त्वांशी जोडला, आणि वैद्यकात या दोघांच्या नावाने तो विकार ओळखला जातो. म्हणजे पायांच्या आगीचे उत्तर ताटात शोधायला भारतातल्याच एका संशोधकाने शिकवले, आणि आपण मात्र अजून ते सब्ज्याच्या पेल्यात शोधतो.

उपचार

उपचाराचे दोन धागे असतात आणि दोन्ही एकाच वेळी चालवावे लागतात : मूळ कारणावरचा आणि आज रात्री झोप लागावी म्हणून केलेला.

बी-१२ कमी असून पायांत लक्षणे असतील, तर डॉक्टर सहसा इंजेक्शनने सुरुवात करतात, आधी लागोपाठ किंवा एक दिवसाआड, मग आठवड्याने, मग महिन्याने. नंतर अनेकांना मोठ्या मात्रेची गोळी पुरते, कारण शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का भाग तसाच आत जातो. पहिल्या काही आठवड्यांत मुंग्या उलट वाढल्यासारख्या वाटू शकतात. त्याला घाबरून इंजेक्शने सोडू नयेत. रक्तातला आकडा आठवड्यात सुधारतो, पायांना महिने लागतात. पूर्ण शाकाहारी माणसाने कोर्स संपला की विषय संपला असे समजू नये. तूट पुन्हा होणारच असते.

मधुमेहात साखर आटोक्यात आणणे हा मूळ उपचार आहे. पण फार वाढलेली साखर काही आठवड्यांत झपाट्याने खाली आणली, तर पायांची आग काही काळ भडकू शकते. “औषध सुरू केले आणि पाय जास्तच जळायला लागले” या तक्रारीमागे कधी कधी हे असते. ते डॉक्टरांना सांगावे, औषध फेकून देऊ नये.

प्रत्यक्ष आगीसाठी प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन यांपैकी एखादे औषध लहान मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. चिठ्ठीवरचे नाव शोधल्यावर ‘नैराश्यावरचे’ किंवा ‘फिटवरचे’ औषध असे दिसते आणि घरात गहजब होतो. पण हीच औषधे चुकीचे निरोप पाठवणाऱ्या मज्जातंतूंना शांत करतात, म्हणून ती दिलेली असतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि दुखणे निम्म्यावर आले तरी ते चांगले यश मानतात. सुरुवातीला झोप, चक्कर, कोरडे तोंड, पायांवर सूज असे होऊ शकते. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना पडू नये म्हणून पहिले पंधरा दिवस मोरीच्या वाटेवर दिवा चालू ठेवावा. प्रोस्टेट, काचबिंदू, हृदयाचे ठोके किंवा मूत्रपिंड यांचा त्रास असेल, तर तो आवर्जून सांगावा, कारण त्यावर औषधाची निवड आणि मात्रा ठरते. ही औषधे एकदम बंद करू नयेत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा या आगीवर फारसा उपयोग होत नाही. मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडावर मात्र त्यांचा भार पडतो.

मिरचीतल्या त्याच कॅप्सेसिनचे मलमही मिळते. सुरुवातीला ते स्वतःच आग करते, पण नियमित लावल्यास त्या तंतूंची टोके हळूहळू निरोप पाठवेनाशी होतात. ते जखमेवर किंवा फाटलेल्या कातडीवर लावू नये, हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत, आणि संवेदना गेलेल्या पायांवर डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये.

घरातले उपाय : काय ठेवावे, काय टाकावे

काशाच्या वाटीची मी थट्टा करणार नाही. हलक्या हाताने दहा मिनिटे तळपाय चोळल्याने बरे वाटते, झोप लागते, आणि घरातले कोणी तरी पायांशी बसले याचाही गुण असतोच. मात्र तूप काळे पडले म्हणजे अंगातली उष्णता बाहेर निघाली, हा समज सोडावा. कासे हे तांबे आणि कथील यांचे मिश्रण आहे आणि त्यातल्या तांब्याचा घाम व तुपाशी संबंध आल्याने तो काळा रंग येतो. निरोगी माणसाचे पाय चोळले तरी तूप काळेच होते. बोटाच्या चाचणीत संवेदना कमी आढळली असेल, तर वाटी जोरात घासू नये, बेचक्यांत तूप राहू देऊ नये आणि पाय पुसल्याशिवाय फरशीवर उतरू नये. मेंदी लावायची तर पानांची लावावी. काळ्या मेंदीतल्या रंगद्रव्याने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

गार पाण्यात पाय ठेवायला हरकत नाही. पाणी नळाचे किंवा माठातले असावे, वेळ दहा-पंधरा मिनिटांची, आणि नंतर बेचक्यांसह पाय टिपून कोरडे करावेत. बर्फ थेट लावू नये, बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसू नये; बधिर कातडी गारठून मरते आणि ते कळतही नाही. गरम पाण्याचा शेक, गरम पाण्याची पिशवी आणि हिवाळ्यातली शेगडी तर संवेदना कमी झालेल्या पायांना वर्ज्यच समजावी. आंघोळीचे पाणीही पायाने अजमावू नये, कोपराने अजमावावे. पांघरुणाचा स्पर्श सहन होत नसेल, तर पायथ्याशी लोड किंवा उशी ठेवून चादर तिच्यावर टाकावी, म्हणजे बोटांवर भार येत नाही. साधी युक्ती आहे, पण आईची पहिली सलग झोप तिच्यामुळेच लागली होती.

उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या प्रांगणात अनवाणी चालून मधुमेही माणसाच्या तळव्याला फोड येतात आणि ते घरी आल्यावर मोज्याला फोडाचे पाणी लागल्यावर समजते. बहुतेक देवळांत जाड सुती मोज्यांना कोणी हरकत घेत नाही. अनवाणी वारी किंवा पायी नवस असेल, तर तो आधी पायांच्या डॉक्टरांपुढे बोलावा. रोजच्या वापरासाठी मऊ एमसीआर (सूक्ष्म पोकळ्या असलेल्या) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. अंगठ्याशी पट्टी असलेली कोल्हापुरी कितीही आवडती असली तरी बधिर बोटाला ती घासते. चप्पल-बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा. रोज रात्री तळवे बघावेत. वाकणे जमत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. जोडवी घट्ट झाली असतील तर काढून त्यांच्याखालची कातडी पाहावी. तेथे पडलेली जखम महिनोन्‌महिने दिसत नाही.

वाट न पाहता रुग्णालयात जाण्याच्या वेळा वेगळ्या आहेत. मुंग्या आणि अशक्तपणा काही दिवसांत पावलांतून मांड्यांकडे चढत असेल, जिना चढवेना झाला असेल, तर तो गिलेन-बॅरे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटण्याचा विकार, असू शकतो; जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, एक पाय अचानक गार आणि निळसर पडणे, किंवा मधुमेही पायावर जखम, काळा डाग, दुर्गंधी आणि ताप असणे, यांपैकी काहीही असेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आईची इंजेक्शने आता महिन्यातून एकदा असतात. आग उरली आहे, पण ती मोरीपर्यंत उठवत नाही. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी ती पलंगावर डोळे मिटून पडते आणि मी सहा बोटांना हात लावतो. उजव्या पायाची तिन्ही बोटे सांगतात, डाव्याची दोन. करंगळीची पाळी येते तेव्हा ती थोडा वेळ वाट पाहते आणि स्वतःच म्हणते, “लावलंस ना?” मग उठून चप्पल हातात घेते, आत बोटे फिरवते आणि पायात घालते.